चौथा रकाना

गणित शिकवावं लागत नाही, जगता जगता ते येतं, असं मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना छातीठोकपणे सांगितलं आहे. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या शिक्षिकेला सांगितलं, मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांच्या मेळाव्यात तर माईक हातात घेऊन सांगितलं. काहींनी माझं ऐकून घरी माझ्यासारख्याच वह्या घातल्या. आता माझं मत तसंच्या तसं राहिलेलं नाही. पहिलं मत ज्यांना ऐकवलं त्यांना दुसरंही ऐकवायला हवं, म्हणून हा खटाटोप.

आधी एक सांगून टाकते. लेक पाचवीनंतर शाळेत गेली नाही, घरीच शिकते, आणि त्या निर्णयाबद्दल आम्ही दोघंही आजही समाधानी आहोत. ती आता पंधराव्या वर्षात आहे. वाचन, झोप, भांडणं, सगळं वयाला साजेसं. बदललंय ते एवढंच, की तिला गणित किती आणि कसं येतं हे मी कशावरून ठरवते.

घरी शिकणाऱ्या मुलीच्या आईला नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात: "ते सगळं ठीक आहे गं, पण गणिताचं काय?" इतिहासाचं काय, मराठीचं काय, असं कोणी विचारत नाही. भाषा कानावर पडून येते, इतिहास वाचून होतो, गणित मात्र कोणीतरी फळ्यावर सोडवून दाखवल्याशिवाय येत नाही, असा सार्वत्रिक समज. त्या समजाला उत्तर म्हणून मी वही पुढे करायचे.

वहीची कल्पना नणंदेकडून आली. ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते आणि तिची मुलं घरीच शिकली. तिथे १९८८ सालापासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वर्षाला १८० दिवस किंवा वरच्या इयत्तांना ९९० तास शिक्षण व्हायला हवं, जे केलं त्याची नोंद त्या त्या वेळी ठेवायला हवी, मुलांच्या कामाचे नमुने फाईलला लावायला हवेत, आणि वर्षअखेरीला पात्र शिक्षकाकडून किंवा मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापन करून घ्यायला हवं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचा वेगळा उल्लेखच नाही. त्यामुळे वही ठेवा म्हणणारंही कोणी नाही आणि तपासायला येणारंही कोणी नाही. तरी मला नणंदेची पद्धत आवडली. मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिलेत. नोंद नसलेली गोष्ट घडलीच नाही, असं मानणाऱ्या जातीतली मी.

मी चार रकाने आखले: तारीख, काय केलं, किती वेळ, आणि गणित. नमुन्याला काही नोंदी देते.

आजोबांबरोबर डेअरीला दूध घातलं. गणित: दशांश अपूर्णांक, भारित सरासरी.

पंधरा लिटरच्या पंपात फवारणीचं औषध मिसळलं. गणित: गुणोत्तर व प्रमाण.

भाजणी तिप्पट करून दळून आणली. गणित: समप्रमाण.

अंगणात सात ते एक ठिपक्यांची रांगोळी. गणित: सममिती, अंकगणिती श्रेढी.

आयपीएलचा सामना. गणित: आवश्यक धावगती, संभाव्यता.

वही भरत गेली तशी माझी कॉलरही ताठ होत गेली. शाळेतल्या मुलांना प्रमाणाची उदाहरणं पुस्तकात मिळतात, माझ्या लेकीला ती गोठ्यात मिळतात, हे वाक्य माझं ठरलेलं. आणि या मतात मी एकटी नव्हते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, त्याचा गाभाच हा होता, की टकली फिरवता फिरवता मुलाला हिशेब यावा, कापसातून भूगोल यावा. या रीतीसाठीचा समवाय पद्धत हा शब्द आमच्या घरात आजोबांच्या तोंडून मी ऐकलेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याबरोबर गणिताची जी भूमिका मांडली गेली, तीतही सूत्रं पाठ करण्यापेक्षा मुलाच्या विचाराला गणिती वळण लागणं महत्त्वाचं मानलं आहे. आणि जॉन होल्ट तर होतेच. घरी शिकवू पाहणारा बहुतेक प्रत्येक जण त्यांच्या पुस्तकांवरून जातो. एवढी भक्कम माणसं पाठीशी असताना चौथ्या रकान्याबद्दल शंका घ्यायचं मला कारण नव्हतं.

शंका आली ती दहावीचे विषय निवडताना. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बाहेरून देता येते. पाच विषय घ्यायचे, त्यांतली निदान एक भाषा. बाकीची निवड विद्यार्थ्याची. म्हणजे गणित घेतलंच पाहिजे असंही नाही! शाळेतल्या मुलांना हे सांगितलं तर ती उद्याच दप्तर टाकून आमच्याकडे येतील. लेकीला पुढे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, तेव्हा गणित घ्यावं की नाही हे वहीवरून ठरवू, असा मी विचार केला. एनआयओएसच्या गणिताचे सहा भाग आहेत: बीजगणित, व्यापारी गणित, भूमिती, महत्त्वमापन, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी. एका मोठ्या कागदावर सहा चौकोन आखले आणि वहीतली प्रत्येक नोंद कुठल्या चौकोनात बसते ते बघायला बसले.

व्यापारी गणिताचा आणि महत्त्वमापनाचा चौकोन भरून वाहायला लागला. सांख्यिकीत क्रिकेटच्या कृपेने बरंच काही आलं. बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती यांच्यात मात्र रांगोळीची नोंद सोडली तर काही म्हणजे काही पडेना. मग मी जरा ओढाताण सुरू केली. सायकल घाटात चढवली होती, चढ म्हणजे कोन, कोन म्हणजे त्रिकोणमिती. असं लिहायला पेन उचललं आणि थबकले. सायकल तिने चढवली होती. कोन मी काढत होते.

म्हणून खातरजमा करायला तिलाच बोलावलं. डेअरीच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "इथे भारित सरासरी कशी केलीस, सांग बरं."

"कसली सरासरी?"

"दुधाची. फॅटची. आबांबरोबर जातेस ना रोज."

"आई, फॅट मशीन दाखवतं. दर चार्टवर असतो. पावती प्रिंट होऊन येते. मी किटली धरते."

हसू आलं, आणि मग आलं नाही. ती खरं तेच सांगत होती. दुधाचा भाव लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) यांच्यावर ठरतो, साडेतीन-साडेआठच्या गाईच्या दुधाला पायाभूत दर धरतात, एकेका पॉइंटला दर वर-खाली होतो, हे सगळं गणित त्या संकलन केंद्रात रोज सकाळी होतं, यात वाद नाही. पण ते मशीन करतं, चार्ट करतो, आणि ज्याने चार्ट बनवला त्याने कधीतरी केलेलं असतं. लेक तिथे हजर असायची, एवढाच माझ्या नोंदीचा अर्थ. पतसंस्थेत कोणी अशी जमा दाखवली असती तर ऑडिटरने पहिल्यांदा पावती मागितली असती. माझ्या वहीत सगळ्या जमा होत्या, पावती एकीचीही नव्हती.

मग बाकीच्या नोंदी वेगळ्या दिसायला लागल्या. फवारणीचं प्रमाण बाटलीच्या झाकणावर ठरतं, एका पंपाला दोन झाकणं, हे आबांनी सांगितलेलं. भाजणी तिप्पट करताना तिने वाटी तीनदा भरली. हे हिशेबी शहाणपण आहे आणि ते मला हवंच आहे. पण "गुणोत्तर व प्रमाण" हे शब्द त्या कामातून आलेले नव्हते, मी माझ्या दहावीतून आणून तिथे चिकटवले होते. चौथ्या रकान्यात दिसत होतं ते माझं गणित.

या सुमारास जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं. मोठी माणसं बाजारात, स्वयंपाकघरात प्रत्यक्ष कसं गणित करतात याचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९८८ सालच्या त्यांच्या पुस्तकातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या एका गृहस्थांना आपल्या पनीरच्या भाऊबंदाचं, कॉटेज चीजचं, दोन तृतीयांश कपाच्या तीन चतुर्थांश एवढं माप घ्यायचं होतं. कॉलेजात कॅल्क्युलस केलं होतं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग दोन तृतीयांश कप चीज भरून घेतलं, पाटावर उलटं केलं, थापून गोल केलं, त्यावर अधिकचं चिन्ह काढलं, एक पाव काढून टाकला आणि उरलेलं वाढून घेतलं. उत्तर अर्धा कप येतं, हे त्यांनी कागदावर कधी पडताळलं नाही आणि पडताळायची गरजही पडली नाही.

लेव्हबाईंना यातून व्यवहारातल्या माणसाची हुशारी दाखवायची होती, आणि ती दिसतेच. कागदावर अडलेला माणूस पाटावर सुटतो. पण मी ते चौथा रकाना घेऊन वाचत होते. या गृहस्थांच्या नावापुढे मी काय लिहिलं असतं? बेधडक "अपूर्णांकांचा गुणाकार" लिहिलं असतं. त्यांनी तर तो सफाईने टाळला होता! त्याच कृतीतून ते बरोबर उत्तराला पोचले हे खरं, आणि त्या कृतीवरून त्यांना गुणाकार येतो की नाही हे कळत नाही, हेही तितकंच खरं.

इथे कोणी म्हणेल, बघा, शेवटी शाळाच बरी. तसंही हाती लागत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं त्यांनी तपासली. ही मुलं गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तोंडी अवघड हिशेब बिनचूक करतात, आणि तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की अडतात. नुसती शाळेत जाणारी मुलं नेमकी उलटी: कागदावर जमतं, बाजारातला हिशेब तोंडी घातला की गोंधळतात. एका बाजूला शिकलेलं गणित दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. शाळावाल्यांचा दावा यात टिकत नाही, माझाही टिकत नाही.

म्हणून मी वही बंद केली नाही, चौथ्या रकान्याचं नाव बदललं. "गणित" खोडून तिथे "कसं ठरवलं?" असं लिहिलं. धड्यांची नावं त्या रकान्यात लिहायची नाहीत. लेक जे बोलली ते तिच्या शब्दांत, चुकलेलं असेल तर चुकलेलं. ती काही बोललीच नसेल तर रकाना कोरा.

पहिले काही दिवस रकाना कोराच राहिला. मग डेअरीतूनच एक मिळालं. आमच्याकडे सकाळी गाईचं बारा लिटर आणि म्हशीचं चार लिटर दूध निघतं. डेअरी दोन्ही वेगवेगळं घेते. लेकीने आपणहून विचारलं, "दोन्ही एका कॅनमध्ये ओतलं तर फॅट किती लागेल?" गाईचं साडेतीन, म्हशीचं सात धरू म्हटलं. तिने लगेच सांगितलं, "सव्वापाच." जुन्या वहीत इथे "सरासरी" लिहून मी पान उलटलं असतं. मी विचारलं, कसं ठरवलंस? "दोन्हींच्या मधलं," म्हणाली, आणि बोलता बोलताच तिची मान हलली. "नाही नाही. म्हशीचं आहेच किती? चार लिटर एवढं वर कसं ओढेल?" जरा वेळाने म्हणाली, "चार-चार लिटरच्या चार किटल्या कर. तीन गाईच्या, एक म्हशीची. तीनदा साडेतीन आणि एकदा सात, साडेसतरा. भागिले चार." म्हणजे ४.३७५. भारित सरासरी हा शब्द तिला तेव्हा माहीत नव्हता. चार किटल्यांची ती युक्ती तिची होती, आणि सव्वापाचवर तिला स्वतःलाच जी शंका आली ती मला त्या उत्तरापेक्षा मोलाची वाटली. तीही लिहून ठेवली.

रांगोळीचंही तसंच. सात ते एक ठिपके, म्हणजे मधल्या ओळीत सात आणि दोन्हीकडे एकेक कमी होत एकापर्यंत. एकूण ठिपके किती, असं मी विचारलं. तिने बेरीज करून एकोणपन्नास सांगितले. पाच ते एकला पंचवीस. "वर्गच येतोय," ती म्हणाली. मग मान तिरकी करून रांगोळीकडे बघत राहिली, आणि तिरक्या ओळींवरून बोट फिरवत म्हणाली, "असं बघितलं तर सात ओळी आहेत आणि प्रत्येकीत सात." हे उदाहरण नव्हे, ही सिद्धता आहे. अंगणातली गोष्ट गणित होऊ शकते यावरचा माझा विश्वास तेव्हा पुन्हा पक्का झाला. फरक एवढाच कळला, की ठिपके काढून रंग भरले तेव्हा रांगोळी पूर्ण झाली होती. कोणी किती आणि का विचारलं नसतं तर गणिताला सुरुवातच झाली नसती.

हाच धागा अर्ध्या गुंठ्याने पुढे नेला. आबांनी तिला अर्धा गुंठा भाजीला दिला. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, हे शेतातल्या घरात पाठच असतं. तिने दोरी धरून साडेसोळा बाय साडेसोळाचा वाफा आखला. अर्ध्या गुंठ्याच्या हिशेबाने आणलेलं शेणखत निम्मं उरलं. आबा म्हणाले, "खत जास्त झालं नाही, जागा कमी झाली." तिने चार वाफे कागदावर मांडून बघितले आणि वहीसाठी वाक्य दिलं: "दोन्ही बाजू अर्ध्या केल्या म्हणून जागा पाव झाली." मग चौरसच हवा असेल तर बाजू किती? ५४४.५ हवेत. २३ चा वर्ग ५२९, २४ चा ५७६. म्हणजे मध्ये कुठेतरी. २३.३ घेतले तर ५४२.८९, २३.४ घेतले तर ५४७.५६. शेवटी २३ फूट ४ इंचांवर खुंट्या ठोकल्या आणि मेथी पेरली.

संध्याकाळी तिने विचारलं, "ते कधी बरोब्बर येतं का?"

या प्रश्नापाशी मला माझं जुनं मत कुठे कमी पडत होतं ते दिसलं. मेथीला २३ फूट ४ इंच पुरतात. पाटावरचं चीज वाढून झालं की पाट धुतला जातो. रोजचं काम उत्तर मिळालं की संपतं, आणि संपायलाच हवं, नाहीतर घर चालायचं नाही. बरोब्बर येतं का, नेहमी येतं का, का येत नाही, हे प्रश्न काम आटोपल्यावर उरतात. त्यांच्यासाठी वेगळं बसावं लागतं. कामाचा रेटा नसलेला वेळ लागतो, कागद लागतो, आणि त्या वाटेने आधी गेलेलं कोणीतरी लागतं, माणूस किंवा पुस्तक. माझ्या सहा चौकोनांतले तीन जवळजवळ रिकामे का राहिले, याचं उत्तर तिथे होतं. बीजगणिताची आणि भूमितीची गरज आमच्या गोठ्याला खरंच पडत नाही.

म्हणून आमच्या घरी आता गणिताचा तास असतो. घरशिक्षणवाल्या मित्रमैत्रिणींत हे सांगताना मी आवाज थोडा खाली घेते, कारण तास हा शब्द आमच्यात शिवीसारखा आहे. पहिल्या काही संध्याकाळी आम्ही त्या वाफ्याच्या बाजूत दडलेल्या दोनाच्या वर्गमुळावरच घालवल्या. ते अपूर्णांकात कधीच नेमकं मांडता येत नाही हे सिद्ध करताना आपण खोट्यापासून सुरू करतो आणि तर्काने त्याला कोंडीत पकडतो, हे तिला फार आवडलं. "म्हणजे मानून चालायचं आणि मग पकडायचं, पोलिसांसारखं," तिची टिप्पणी. मी शाळेत ही सिद्धता पाठ केली होती, तिच्यात काही आवडण्यासारखं असतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

होल्टही आता मी नव्याने वाचले. घरी शिकवण्यावरचं त्यांचं 'टीच युवर ओन' १९८१ चं, ते मी आधी वाचलं होतं. 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे १९६४ चं, शाळेत पाचवीला शिकवताना लिहिलेल्या टिपणांचं. शाळेबद्दल आहे म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. गंमत अशी, की मला हवी होती ती नोंदवही तेच पुस्तक आहे, आणि त्यातलं पुष्कळसं गणिताबद्दल आहे. मुलांनी काय केलं याची यादी होल्ट देत नाहीत. एखादी मुलगी उत्तर देताना कोणाकडे बघत होती, चुकलं तेव्हा तिने काय केलं, हे ते लिहितात. एक ते दहा हजारांतली संख्या ओळखायच्या खेळात "पाच हजारांच्या वर आहे का?" याला "हो" मिळालं की मुलं आनंदाने ओरडायची, "नाही" मिळालं की हिरमुसायची. खरं तर दोन्ही उत्तरांतून माहिती सारखीच मिळते. मुलं संख्येच्या मागे नव्हती, "हो"च्या मागे होती, हे त्यांना त्या हिरमुसण्यावरून कळलं. मी लेकीबरोबर हा खेळ खेळले. दर प्रश्नाला निम्मी संख्या कटाप करायची तर चौदा प्रश्न पुरतात, कारण दोनाचा तेरावा घात ८१९२ आणि चौदावा १६३८४, हे ती स्वतःच शोधत गेली. तीही "नाही" ऐकून हिरमुसली. लिहून ठेवलं.

तिच्या वयाचीही यात एक बाजू आहे, आणि वही ठेवणाऱ्या पालकांच्या बोलण्यात ती कमी येते. सात वर्षांच्या मुलाला आई आपलं काहीतरी लिहितेय याचं कौतुक असतं. पंधराव्या वर्षी तसं नसतं. एकदा चहा टाकताना ती म्हणाली, "हे पण लिहिणार आहेस का? पाणी दोन कप, दूध एक कप?" हसत म्हणाली, पण त्यानंतर काही दिवस ती माझ्यासमोर कुठलाही हिशेब मोठ्याने करेना. प्रत्येक हालचालीचा पुरावा होऊ लागला की माणूस हालचाल लपवतो. मोठेही तेच करतात. आता वही तिच्याकडे असते. आठवड्यातून एखादी नोंद ती निवडते, ती लिहिते, आणि शनिवारी मला समजावून सांगते. मला विचारायचा हक्क आहे, परस्पर लिहायचा नाही.

हे सगळं नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे मूल्यमापनात मुलाची मुलाखत असतेच की. नुसती फाईल चालत नाही." कायदा काढून बघितला, तर खरंच तसं आहे: मूल्यमापन करणाऱ्याने फाईल बघायची आणि मुलाशी बोलायचंही. मी तिच्याकडून रकाने तेवढे उचलले होते.

माझ्या जुन्या मतातलं पुष्कळसं आजही माझ्याकडे आहे. गोठा, भाजणी, एसटीचं वेळापत्रक यांतून मुलांना आकड्यांची भीती उरत नाही, उत्तर वेडंवाकडं आलं तर ते खटकतं, आणि अंदाज बांधता येतो. सव्वापाचवर लेकीची मान हलली ती रोज किटल्या उचललेल्या हातांमुळेच, असं मला वाटतं. सोडून दिलं ते एवढं, की प्रसंगाला धड्याचं नाव दिलं म्हणजे धडा झाला. ज्यांनी माझ्यासारख्या वह्या घातल्यात त्यांना सांगणं आहे, की चौथा रकाना महिनाभर मुलाच्या तोंडच्या वाक्यांनी भरून बघा. पानं कमी भरतील. नातेवाइकांना दाखवायला ती फारशी उपयोगी पडणार नाहीत, कारण त्यांत चुका दिसतात.

लेकीने एनआयओएसला गणित घेतलं आहे. तिथे वीस टक्के गुण घरी सोडवून द्यायच्या स्वाध्यायांना आणि बाकीचे लेखी परीक्षेला. पास व्हायला तेहतीस टक्के पुरतात, त्यामुळे घरात फार ताण नाही. मात्र एक नवीनच वाद सुरू झाला आहे आणि तो तिने काढलाय. गेल्या आठवड्यात तिने वर्गसमीकरणांचा पूर्ण स्वाध्याय सूत्र वापरून सोडवला. सगळी उत्तरं बरोबर. मी खूश होऊन म्हटलं, वहीत लिही, वर्गसमीकरण झालं. ती म्हणाली, "आई, सूत्रात आकडे घातले आणि उत्तर आलं. फॅटच्या मशीनसारखंच झालं की हे. ते सूत्र कुठून आलं ते मला कुठे सांगता येतंय?" परीक्षेच्या दृष्टीने तो भाग पूर्ण झालेला आहे. तिच्या वहीच्या नियमाने झालेला नाही, आणि नियम मीच घालून दिलेला असल्यामुळे या शनिवारी वर्ग पूर्ण करण्याची रीत पहिल्यापासून घ्यायची असं ठरलं आहे. ती मला विचारणार आहे. मी तयारी करते आहे.